बुधवारच्या नोट्स

आमच्या स्लाऊच्या घराचे आवाज मला अजूनही डोळे मिटून सांगता येतात. थोड्या थोड्या वेळाने छपरावरून विमानतळाकडे उतरत जाणारं विमान. ते आलं की घरातल्या सगळ्यांची बोलणी वाक्याच्या मध्येच थांबायची आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू व्हायची, आणि यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. बॉयलरची घरघर. भिंतीपलीकडच्या ढिल्लन आंटींचा कुकर, जो आमच्या कुकरशी पैज लावल्यासारख्या शिट्ट्या द्यायचा. आणि या सगळ्यांच्या वर आईचा आवाज : "कॉमा. दॅट इज टु से, कॉमा. फुल स्टॉप. नेक्स्ट पॅराग्राफ." आई नोट्स तयार करायची तेव्हा कागदावर उतरवायच्या आधी त्या मोठ्याने बोलून पाहायची. पुढच्या खोलीत खिडकीपासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून खिडकीपर्यंत फेऱ्या चालायच्या. बाबा त्याला रेडिओ म्हणायचे. वारा ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या बाजूने असला की फॅक्टरीतल्या चॉकलेटचा वास घरभर पसरायचा, त्यामुळे इंग्रजी साहित्य म्हटलं की मला आजही आधी कोकोचा वास येतो आणि मग बाकीचं आठवतं.

आई मूळची उमरेडकडच्या एका खेड्यातली. मराठी शाळेत शिकली आणि नागपूरच्या कॉलेजात आली तेव्हा तिला इंग्रजीत एक धड वाक्य उभं करता येत नव्हतं. तिच्या सरांनी वर्गात नोट्स सांगितल्या, तिने त्या उतरवून घेतल्या आणि पाठ केल्या. एसटीत पाठ केल्या, भाकरी थापताना पाठ केल्या, धाकट्या भावाला झोपवताना अंगाईऐवजी त्याच म्हटल्या. अर्थ बराच मागाहून आला. एक दिवस कुणाशी तरी भांडताना तिच्या लक्षात आलं की आपण इंग्रजीत भांडतोय. तेव्हापासून तिचा एकच सिद्धांत होता : तोंडपाठ झालं की ते आपलं. पुढे ती स्वतः मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागली, आणि तिच्या नोट्सच्या झेरॉक्स कॉलेजसमोरच्या दुकानात 'वानखडे मॅडमच्या नोट्स' म्हणून मिळू लागल्या. "मेल्यांनी मला विचारलं पण नाही," असं ती तक्रारीच्या सुरात सांगायची, पण ही तक्रार ती पाहुण्यांसमोर फार आवडीने करायची.

मग बाबांना स्लाऊमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि आम्ही इकडे, इंग्रजांच्या देशात आलो. मी तेव्हा नुकतीच पाचवी संपवली होती. माझं शाळेतलं मराठी तिथेच थांबलं आणि आईची नोकरीही. इकडे तिला आधी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षकाचं काम मिळालं, नंतर माझ्याच शाळेत कव्हर टीचरचं, म्हणजे कुणी शिक्षक आजारी पडला की त्याच्या वर्गात जाऊन बसायचं, ठेवलेले वर्कशीट वाटायचे आणि पोरं एकमेकांवर खुर्च्या फेकत नाहीत ना एवढं पाहायचं. "शिकवायचं नाही, नुसतं बसून राहायचं," असं ती घरी येऊन सांगायची. पायातले बूट काढताना ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बराच वेळ बसून राहायची. तेव्हा मला वाटायचं की तिचे पाय दुखतात.

मी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीला गेले त्या वर्षी आमच्या शाळेने एका युनिव्हर्सिटीशी बोलणं करून एक नवा कोर्स सुरू केला. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा एक विषय आमच्याच इमारतीत, शाळा सुटल्यावर, दर बुधवारी शिकायचा. पास झालं की त्याचे गुण शाळेच्या सर्टिफिकेटमध्ये धरले जाणार, आणि पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर तोच विषय पुन्हा करावा लागणार नाही. एका दगडात दोन पक्षी. पण बुधवारी संध्याकाळी थांबायला इंग्रजीच्या शिक्षकांपैकी कुणी तयार होईना. सिक्स्थ फॉर्मचे प्रमुख मिस्टर हॅरिस भले गृहस्थ होते. कुणालाही नाही म्हणायचं झालं की ते आधी स्वतःच्या बुटांकडे पाहायचे. त्यांना कुणीतरी सांगितलं की त्या कव्हरवाल्या मिसेस वानखडेंचं इंग्रजीत एम.ए. झालंय. एक वर्ष करून बघू, जमलं तर पुढे, असं ठरलं. त्या दिवशी आईने ढिल्लन आंटींना सोबत नेऊन कोथिंबिरीच्या इतक्या जुड्या आणल्या की किचनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. आम्हा नागपूरकरांचा तो सांबार. मग सांबारवड्या झाल्या, कढी झाली, ढिल्लनांकडे डबा गेला. बाबा म्हणाले, "चला, रेडिओला स्टेशन मिळालं."

त्या वर्गात मी बसावं हे आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "नको बसू. घरी तर ऐकशीलच, भिंती पातळ आहेत." हे खरंच होतं, त्यामुळे मी बसले. वर्गात मी तिला बाकीच्यांसारखी 'मिस' म्हणायचे. वर्ग सुटल्यावर बस स्टॉपपर्यंत आम्ही अंतर ठेवून चालायचो, आणि बसमध्ये शेजारी बसलो की ती पुन्हा आई व्हायची आणि पिशवीतून चिवड्याची पुडी काढायची.

आम्ही मोजकीच मुलं होतो. माझी मैत्रीण जसलीन माझ्या शेजारी बसायची. तिला गप्प बसणं जन्मात जमलेलं नव्हतं. पहिल्या बुधवारी आई आली, कोट खुर्चीला लावला आणि म्हणाली, "राइट." पोरांनी माना वर केल्या, पण तिने 'बरोबर' अशा अर्थाने म्हटलं नव्हतं. लिहा, असं तिला म्हणायचं होतं. मग तिने सांगायला सुरुवात केली, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत, कॉमा आणि फुल स्टॉपसकट. मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण गंमत अशी झाली की पोरांना ते भलतंच आवडलं. तोपर्यंत त्यांना शाळेत काय मिळालं होतं, तर तुटक मुद्द्यांचे कागद आणि 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न. एवढं मोठं, भरलेलं, सुरुवात आणि शेवट असलेलं वाक्य त्यांच्या हातात कुणी ठेवलंच नव्हतं. कोर्समध्ये एक जुनी कादंबरी होती. मोठ्या घरात कामाला राहिलेली एक मुलगी, मालकीण तिला स्वतःच्या हाताखाली लिहायला-बोलायला शिकवते, आणि शेवटी तीच मालकीण तिच्यावर चोरीचा आळ घेते. सगळं घर जमतं. मुलीने काही चोरलेलं नसतं, तरी ती एक शब्द बोलत नाही. त्यावर आईने वाक्य दिलं होतं : तिचं मौन ही तिच्याजवळ उरलेली शेवटची मालमत्ता आहे, सेमीकोलन, आणि ती ती उधळत नाही, फुल स्टॉप. जसलीन ते बस स्टॉपवर हातवारे करून म्हणायची. एका मुलाने ते आपल्या फाइलच्या पुठ्ठ्यावर रंगवून घेतलं.

"पाठ करा," आई सांगायची, "बस, शॉवर, कुठेही. तोंडपाठ झालं की ते तुमचं." पोरांनी पाठ केलं. आणि पहिला मोठा निबंध आला तेव्हा सगळ्यांनी मन लावून, सुवाच्य अक्षरात, तेच लिहून पाठवलं. नागपूरला असं झालं असतं तर सगळ्या वर्गाला फर्स्ट क्लास मिळाला असता आणि आईला कुणीतरी पेढे आणून दिले असते. इकडे मिस्टर हॅरिसनी तिला जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. युनिव्हर्सिटीत निबंध तपासणाऱ्या बाईंना सगळ्या निबंधांत पानंच्या पानं सारखी सापडली होती. मुलांनी कॉपी केली असं ठरलं तर कोर्सचे गुण जाणार होतेच, शिवाय तो शेरा युनिव्हर्सिटीला अर्ज करताना प्रत्येकाच्या मागे लागणार होता.

त्या संध्याकाळी आईने गोळाभात केला होता. बाबांनी भातावर गरम फोडणीचं तेल ओतून घेतलं, पहिला घास घेतला आणि मीठ नसल्याचं कुणाला सांगितलं नाही. "काऊन गं," ते म्हणाले, "आज रेडिओ बंद?" तेव्हा आईने सांगितलं.

"कॉपी म्हणे. कुणाची कॉपी?"

"तुझीच," मी म्हटलं.

"माझी कॉपी कशी होईल? मी दिलंय त्यांना. दिलेलं घेतलं तर चोरी होते काय?"

"इथे होते," बाबा म्हणाले.

"आई, त्यांना आम्हाला काय वाटतं ते हवं असतं. तू काय म्हणतेस ते नाही."

"सतराव्या वर्षी काय वाटतं तुम्हाला?" आई माझ्यावर उखडली. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी आड भरू द्या की."

मग ती एकदम शांत झाली आणि पुढचं म्हणाली. मिस्टर हॅरिसनी बुटांकडे पाहत एक वाट सुचवली होती. मुलांनी आपापसात नोट्स वाटून घेतल्या, पहिलीच चूक आहे, असं सांगायचं. मुलांना थोडी शिक्षा होईल, गुण कापले जातील, पण आईचं नाव मध्ये येणार नाही आणि कोर्स तिच्याकडे राहील. नाहीतर ती पुन्हा वर्कशीट वाटायला. विमान आलं. आम्ही तिघं ताटांकडे पाहत ते जायची वाट बघत बसलो. ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "मग?" आई म्हणाली, "मीठ नाही ना यात? मग सांगायचं की," आणि उठून मिठाची बरणी घेऊन आली.

पुढच्या बुधवारी युनिव्हर्सिटीच्या बाई आल्या. मी कुणीतरी उंच, कडक बाई डोळ्यांसमोर आणली होती. आल्या त्या लहानखुऱ्या, पाठीला सॅक आणि हातात भिजलेलं सायकलचं हेल्मेट घेऊन. त्या बसायच्या आत आई उभी राहिली. हे सगळं इंग्रजीत झालं, मी इथे मराठीत सांगतेय. ती म्हणाली, "मुलांना काही विचारायच्या आधी ऐका. हे सगळं मी सांगितलेलं आहे, शब्द न् शब्द, आणि पाठ करा असंही मीच सांगितलं. त्यांनी आपल्या शिक्षिकेचं ऐकलं. मी जिथून आले तिथे अशा मुलांना चांगली मुलं म्हणतात." मिस्टर हॅरिस बुटांकडे पाहत होते. मला भीती वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि यातलं काहीच चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पेनचं टोपण चावत होते.

बाईंनी सॅक खाली ठेवली. मग म्हणाल्या, "फाइली मिटा सगळ्यांनी. आपण नुसतं बोलू या. ती मुलगी गप्प का राहते?" सुरुवात जसलीनपासून झाली. तिने उभं राहून आईचं वाक्य अख्खं म्हणून दाखवलं, सेमीकोलनसकट. मग ती थांबली आणि आईकडे वळली. "पण सॉरी मिस, मला ते पटत नाही. माझी नानी अशीच गप्प असते. मालमत्ता वगैरे काही नाही हो. ती दमलीय." पोरं हसली. आई मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती, तिने मान वर केली. मग एकेक जण बोलायला लागला. एकाचं म्हणणं पडलं की मुलगी घाबरलीय, मिसना मोठ्या शब्दांची हौस आहे. दुसरी म्हणाली की ती रागावलीय, आणि मौन उधळणं म्हणजे काय ते एकदा नीट सांगा तरी. त्यांना ते वाक्य इतकं पाठ होतं की ते कुठे पोकळ आहे तेही ठाऊक झालं होतं. आईचा चेहरा मी पाहत होते. तिचा अपमान होतोय असं मला आधी वाटलं. पण ती पुढे सरकून ऐकत होती, आणि तिचे ओठ मध्ये मध्ये हलत होते.

मग माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि आईचं वाक्य बाहेर पडलं. जसलीनने म्हटलं तसं नाही. आईच्याच आवाजात, तिच्या नागपुरी हेलासकट, ती कॉमाला जशी श्वास घेते तसा श्वास घेऊन. वाक्य संपलं तर पुढचं आलं, आणि त्याच्या पुढचं. बाईंनी मला बोलू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "हे तुझ्या शिक्षिकेचं झालं. तुझं?" मी आत शोधलं. आत काही नव्हतं. बाकीच्यांच्या कानावर ती वाक्यं फक्त बुधवारी पडत होती, माझ्या कानावर ती जन्मापासून पडत आली होती. "मला मिसचं पटतं," मी म्हटलं आणि खाली बसले. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

आता मी साउथहॅम्प्टनला एका हॉस्पिटलात काम करते. स्ट्रोकनंतर ज्यांचं बोलणं गेलंय अशा लोकांना मी पुन्हा बोलायला शिकवते. काही म्हाताऱ्यांना समोर उभ्या असलेल्या बायकोचं नाव येत नाही, पण लहानपणी पाठ केलेली प्रार्थना ते न अडखळता म्हणतात. ते ऐकताना मला दर वेळी आई आठवते. पाठ केलेलं शेवटपर्यंत साथ देतं, तिचं अगदीच चुकलं नव्हतं. मात्र तहान लागलीय हे सांगायला त्या माणसाला प्रार्थनेचा उपयोग होत नाही, आणि माझं सगळं काम तिथून सुरू होतं.

त्या बुधवारचा निकाल असा झाला की मुलांवर कॉपीचा शेरा येणार नाही, पण सगळ्यांनी निबंध नव्याने लिहायचा, नोट्सशिवाय, दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत. पुन्हा सगळे एकाच साच्यातून निघाले तर कोर्स बंद आणि आईही त्यातून बाहेर. जाताना हेल्मेट घालता घालता बाई मला म्हणाल्या, "मी तुझा सगळ्यात आधी वाचेन." आडनावावरून त्यांनी ओळखलं होतं. बोलणं प्रेमाचं होतं, पण त्याचा अर्थ मला कळला. बाकीच्यांचं काही असो, खुद्द शिक्षिकेच्या मुलीच्या निबंधात शिक्षिकेचाच आवाज निघाला, तर पुढचे निबंध वाचायचीही गरज उरणार नव्हती.

पुढचं आधीच सांगून टाकते : निबंध पास झाले, जसलीनचा सगळ्यांत चांगला ठरला, आणि तो वर्ग आईकडे ती रिटायर होईपर्यंत राहिला. नोट्स तिने सोडल्या नाहीत. फक्त दर बुधवारी एक वाक्य ती सांगायची आणि मग म्हणायची, आता याच्याशी भांडा. तिचे विद्यार्थी अजून मला कुठे कुठे भेटतात आणि तेवढंच सांगतात. पण मला लिहून ठेवायचाय तो त्या सोमवारच्या आदल्या दिवशीचा दुपारचा वेळ.

मी किचनच्या टेबलाशी बसले होते. समोर कागद होता आणि बाजूला चुरगळलेल्या कागदांचा ढीग. आई पलीकडे सांबार निवडत होती. दोन आठवडे तिने मला निबंधाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं, आणि घरात मोठ्याने एक वाक्यही म्हटलं नव्हतं. बाबा म्हणत, बॅटरी संपली. ती मला जागा करून देत होती हे मला कळत होतं. पण त्या जागेत माझं म्हणून काही येत नव्हतं.

"झालं?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"काय अडलं?"

"मी काहीही लिहिलं की ते तुझंच निघतं." एवढं म्हणताना मला रडू फुटलं. "उद्या तुझा वर्ग जाईल आणि तो माझ्यामुळे जाईल."

तिने देठं गोळा केली, हात टी टॉवेलला पुसले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"इंग्रजी राहू दे," ती म्हणाली. "मराठीत सांग. मराठीत माझ्या नोट्स नाहीत."

"माझं मराठी पाचवीतलं आहे, आई."

"चालेल. पाचवीतलं सांग. तू सांग, मी लिहिते. फक्त सावकाश."

तिच्या हातात पेन आणि माझ्या तोंडात वाक्य, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. विमान आलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. त्या मधल्या वेळात मला ती मुलगी दिसली, सगळ्या घरासमोर उभी, तोंड उघडलेली, आणि तिच्या तोंडी येणारा एकेक शब्द समोर बसलेल्या बाईचा. मी म्हणाले, "ती गप्प आहे, कारण तिला जेवढे शब्द येतात ते सगळे मालकिणीनेच दिलेत, आणि मालकिणीच्या शब्दांनी मालकिणीशी भांडता येत नाही."

आई लिहीत होती. 'मालकिणीनेच दिलेत' पाशी तिचा हात थांबला. उमरेडहून आलेली, एसटीत दुसऱ्याची वाक्यं पाठ करणारी ती मुलगी त्या क्षणी माझ्या मनातही नव्हती. ती मला आज, हे लिहिताना दिसतेय. त्या दुपारी मला एवढंच वाटलं की मी आईला लागेल असं काहीतरी बोलून बसले, आणि ते परत घ्यावं. पण तिने उरलेलं वाक्य पूर्ण उतरवलं, मनातल्या मनात एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"फुल स्टॉप?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "कॉमा."

तिने कॉमा दिला, आणि पेन कागदावर टेकवून मी पुढे काय सांगते त्याची वाट बघत बसली.